उजेडाची वर्गणी

वर्गणी मागण्याचं एक शास्त्र आहे. रविवारी सकाळी अकराच्या सुमारास, म्हणजे घरधनी घरात आहे आणि अंगात फक्त बनियन आहे अशा नेमक्या वेळी बेल वाजते. दारात पाच-सहा पोरं. त्यांतलं बोलणारं एकच. बाकीची नुसती उभी राहायला आणलेली. पावती पुस्तक अशा बेतानं उघडं धरलेलं असतं की वरच्या पावतीवरचं शेजाऱ्याचं नाव आणि त्यापुढचा १००१ हा आकडा आपल्याला न वाचायचा ठरवूनही वाचता यावा. ‘काका, गेल्या वर्षी तुमचे पाचशे एक होते,’ असं ते बोलणारं पोरगं म्हणतं. त्या ‘होते’मध्ये महागाई, परंपरा आणि शेजारी असे तिघेही बसवलेले असतात. बनियनवर उभ्या माणसाला हुज्जत घालता येत नाही. तो देतो.

हे आठवायचं कारण असं की गेली दोन वर्षं माझा ज्या मंडळींशी पत्रव्यवहार आहे, त्यांना या शास्त्राचा गंधही नाही. ती मंडळी मुक्त सॉफ्टवेअर लिहितात. त्यातही भिंतीवर उजेड नीट पाडायचं सॉफ्टवेअर लिहितात.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो थर्माकोलमुळे. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या देखावा समितीचा कणाच मोडला. तोवर आम्ही थर्माकोलचा कैलास केला होता, थर्माकोलचा लाल किल्ला केला होता. मग पुठ्ठ्यावर आलो. पुठ्ठ्याचा लाल किल्ला तिसऱ्या दिवशी पावसात भिजून खाली बसला. अशा पडत्या काळात चेअरमनच्या भाच्यानं सभेत मोबाइल फिरवला. कुठल्याशा परदेशी राजवाड्याच्या भिंती हलत होत्या, खांबांना वेली फुटत होत्या, मग अख्खा राजवाडा कोसळला आणि टोलेजंग होऊन पुन्हा उभा राहिला.

‘पुनर्विकास,’ सेक्रेटरी पुटपुटले.

हा सगळा नुसत्या उजेडाचा खेळ होता. याला प्रोजेक्शन मॅपिंग म्हणतात. सिनेमाला सपाट पांढरा पडदा लागतो. इथं इमारत हाच पडदा. खिडकीत खिडकीपुरतं चित्र, खांबावर खांबापुरतं. ‘आपली बी विंग रात्री नुसतीच उभी असते,’ असं चेअरमन म्हणाले, आणि मी सॉफ्टवेअरमधला माणूस असल्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सॉफ्टवेअरमधल्या माणसाला प्रिंटर, वायफाय, टीव्हीचा रिमोट आणि बी विंग हे सगळं आलंच पाहिजे असा समज आहे.

या कामाची चांगली विकतची सॉफ्टवेअर आहेत. जिनिव्हाच्या गॅराजक्यूबचं मॅडमॅपर आहे, डच लोकांचं रेझोल्यूम आहे. किंमत युरोत ऐकल्यावर खजिनदारांनी पेनाला टोपण लावलं. आमचे खजिनदार म्हणजे आयुष्यभर कोषागारात काढलेले गृहस्थ. त्यांनी बोटं मोडत हिशेब मांडला. ‘प्रोजेक्टर भाड्यानं. वीज आपली. भिंत आपली. देव आपला. मग हे पैसे कशाचे?’

‘कोपऱ्यांचे,’ मी म्हणालो.

हे जरा समजावून सांगायला हवं. प्रोजेक्टर भिंतीच्या बरोबर नाकासमोर ठेवला तर चित्र चौकोनी पडतं. पण बी विंगच्या नाकासमोर आमची पाण्याची टाकी आहे. म्हणून प्रोजेक्टर ठेवायचा ए विंगच्या दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात, तिरका. तिरका उजेड पडला की एक बाजू फुगते, दुसरी आक्रसते आणि चौकोनाचा पतंग होतो. सॉफ्टवेअरनं काय करायचं, तर चित्राचे चार कोपरे धरून ओढायचे आणि भिंतीच्या चार कोपऱ्यांवर नेऊन बसवायचे. पोटात त्याच्या आठ आकड्यांचं गणित चालतं: प्रत्येक कोपऱ्याचा एक आडवा आकडा, एक उभा, चार कोपऱ्यांचे आठ. या गणिताला होमोग्राफी असं भारदस्त नाव आहे. घरी अनुभव घ्यायचा असेल तर डबल बेडवर सिंगल बेडची चादर घालून पाहा. उशाकडचा कोपरा खोचला की पायथ्याचा सुटतो, तो खोचावा तर तिसरा वर येतो, आणि चौथ्यावर तुम्ही स्वतः बसलेले असता. बी विंगला सोळा खिडक्या आणि आठ गॅलऱ्या आहेत. म्हणजे चोवीस चादरी.

हा उद्योग नवा नाही. डिस्नेलँडमधल्या भुतांच्या हवेलीत १९६९ सालीच पुतळ्यांच्या तोंडावर फिल्म टाकून त्यांना गायला लावलं होतं. पण मला भावला तो मायकेल नायमार्क हा अमेरिकन कलावंत. १९८० च्या सुमारास त्यानं एक दिवाणखाना मांडला, मधोमध गोल फिरणाऱ्या चकतीवर कॅमेरा ठेवून त्यात वावरणारी माणसं चित्रित केली, आणि मग सोफा, टेबल, भिंती, शोभेच्या वस्तू असं सगळं जागच्या जागी पांढऱ्या रंगानं फवारून काढलं. कॅमेऱ्याच्या जागी प्रोजेक्टर ठेवून तीच फिल्म त्या पांढऱ्या खोलीवर टाकली. सामानाला आपापले रंग परत मिळाले. माणसं मात्र तिथं नव्हतीच, त्यामुळे ती भुतासारखी भिंतीवरून सरकत गेली. मी हे घरी रंगवून सांगत होतो तेव्हा बायकोनं न बोलता सोफ्यावर हात ठेवला.

आणि यात आपला माणूस आहे, हे मला फार उशिरा कळलं. रमेश रासकर मूळचे नाशिकचे, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपेल हिलच्या विद्यापीठात पीएच.डी. करताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी याच गोष्टीचं गणित मांडलं. २००१ च्या त्यांच्या ‘शेडर लॅम्प्स’ या शोधनिबंधात ताजमहालाची एक पांढरीफटक प्रतिकृती आहे, आणि तिला ब्रश न लावता प्रोजेक्टरांनी रंग चढवलेला आहे. नाशिककर एरवी चिवड्यापासून द्राक्षांपर्यंत कशाचंही श्रेय सोडत नाहीत. याचं कसं सोडलं कोण जाणे. मी समितीत ही माहिती दिली तेव्हा वातावरण एकदम पालटलं.

‘म्हणजे हे आपलंच आहे,’ चेअरमन म्हणाले.

‘मग पैसे कशाचे?’ खजिनदार म्हणाले.

शेवटी मी मुक्त सॉफ्टवेअरचा विषय काढला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून इंग्रजी बोलणारे एकमेकांना एकच गोष्ट समजावत आले आहेत, की ‘फ्री’ म्हणजे स्वातंत्र्य, फुकट नव्हे. त्यांच्याकडे दोन्हींना शब्द एकच, त्याला ते तरी काय करणार! आपल्याकडे मुक्त वेगळं, मोफत वेगळं. मराठीत हा घोटाळा होऊच शकत नाही, या भरवशावर मी खजिनदारांना पाऊण तास सांगितलं: हे वापरायला मोकळीक, आतलं वाचायला मोकळीक, बदलायला मोकळीक, बदललेलं वाटायला मोकळीक. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

‘म्हणजे मोफत,’ ते म्हणाले, आणि ठराव मंजूर झाला.

मी जे सॉफ्टवेअर उतरवून घेतलं त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढं त्याच्या खोड्या सांगायच्या आहेत. आवृत्ती होती ०.७. या मंडळींना पूर्णांकाची फार भीती. एक म्हटलं की ‘झालं’ असा अर्थ होतो, आणि झालं असं म्हणायला त्यांची जीभ रेटत नाही. चित्रं काढायचं इंकस्केप २००३ साली सुरू झालं आणि १.० ला पोचलं २०२० च्या मे महिन्यात. तेवढ्या काळात मूल जन्माला येऊन बारावीला बसतं. आमच्या या ०.७ मध्ये ‘या सॉफ्टवेअरविषयी’ नावाची एक खिडकी होती, आणि तिच्या तळाशी बारीक अक्षरांत विनंती: उपयोग झाला तर जमेल तशी मदत करा, न जमल्यास काहीच हरकत नाही.

काहीच हरकत नाही! वर्गणीच्या शास्त्रात हे तीन शब्द उच्चारणाऱ्या पोराला आमच्या मंडळातून त्याच दिवशी काढून ढोलपथकात टाकतील.

पण जगभर हाच प्रकार आहे. इंटरनेटवरच्या निम्म्याअधिक व्यवहारांना कुलूप लावण्याचं काम ओपनएसएसएल नावाचं मुक्त सॉफ्टवेअर करत होतं, आणि त्याच्या झोळीत वर्षाला पडत होते साधारण २,००० डॉलर. २०१४ मध्ये त्यात हार्टब्लीड हे भोक सापडलं, तेव्हा बड्या बड्या कंपन्यांनी घाईघाईनं खिशात हात घातले. आमच्या लिफ्टचं असंच आहे. ती दोन मजल्यांच्या मध्ये थांबेपर्यंत देखभाल निधीला सर्वांचा एकमुखानं विरोध असतो, आणि त्या दिवशी आत कोण अडकलंय यावर वाढीव निधीची रक्कम ठरते.

एका माणसाला मात्र वर्गणी मागता आली. टॉन रोसेंडाल, हॉलंडचा. त्यानं ब्लेंडर हे त्रिमितीचं सॉफ्टवेअर केलं, कंपनी काढली, आणि २००२ मध्ये ती बुडाली. सॉफ्टवेअर गुंतवणूकदारांच्या कपाटात बंद. त्यानं त्यांना विचारलं, किती घेतलेत तर मोकळं कराल? आकडा ठरला एक लाख युरो. मग या गड्यानं जगाच्या दारात उभं राहून सात आठवड्यांत लाख युरो गोळा केले, आणि १३ ऑक्टोबर २००२ ला ब्लेंडर मुक्त झालं. यातली मेख तुमच्या लक्षात आली का? ‘मदत करा’ असं त्यानं म्हटलं नाही. आकडा सांगितला, आणि वस्तू कपाटात दिसत होती. पावती पुस्तक योग्य पानावर उघडलेलं होतं.

दुसरा मार्ग अनुदानाचा. कॅनडातल्या माँट्रियालमध्ये काही कलावंत-प्रोग्रॅमर मंडळींनी मॅपमॅप नावाचं मुक्त सॉफ्टवेअर केलं, नेमकं हेच कोपरे ओढण्याचं. त्याला पाठबळ दिलं ला फ्रँकोफोनी या फ्रेंच भाषक देशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं. मला हे वाचून भाषेच्या राजकारणाविषयी पहिल्यांदाच आपुलकी वाटली. एखादी भाषा बोलणाऱ्यांच्या संघटनेनं व्याकरण, संमेलन आणि मंडप सोडून भिंतीच्या कोपऱ्यांसाठी पैसे द्यावेत! त्याच शहरात सॅट ही कला आणि तंत्रज्ञानाची संस्था आहे. तिच्याकडे १८ मीटर व्यासाचा स्वतःचा घुमट आहे, आणि अनेक प्रोजेक्टरांचा उजेड एकमेकांत बेमालूम मिसळणारं स्प्लॅश हे मुक्त सॉफ्टवेअर तिच्याच प्रयोगशाळेत लिहिलं गेलं. पदरी घुमट असला की सॉफ्टवेअरच्या पोटाची सोय होते. आमच्याकडे बी विंग होती.

अनुदानाची गोम अशी की ते नव्या गोष्टीला मिळतं. नवीन काही बांधायचंय म्हटलं की फीत कापायला माणसं मिळतात. पण बांधलेलं झाडायचंय, गेल्या वर्षी चालणारं यंदाच्या संगणकावर चालतं ठेवायचंय, याला कोण पैसे देणार? कोनशिलेवर नाव लागतं, झाडूवर लागत नाही. आमच्या सॉफ्टवेअरचा कर्ता युरोपातल्या एका लहानशा गावात शाळेत संगीत शिकवतो, आणि मुलं झोपल्यावर रात्री साडेनऊनंतर झाडू मारतो. आमच्याकडे तेव्हा एक वाजलेला असतो. हे मला कळलं, कारण गणपती आठ दिवसांवर आले असताना आमच्या बाप्पाची सोंड मोडली.

त्याचं असं झालं. पहिली चाचणी बी विंगनंच हाणून पाडली होती. कागदावर सोळा खिडक्या होत्या. प्रत्यक्षात अकरा एसीचे डबे, चार कबुतरांच्या जाळ्या आणि एक तुळस निघाली. भिंतीचा रंग वार्षिक सभेत दोन गटांच्या भांडणातून निघालेला गुलाबी, त्यामुळे बाप्पाचं पिवळं पीतांबर भगव्याकडे झुकत होतं. गजासुराच्या छातीवर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा टॉवेल वाळत होता. तो काढायला सांगितल्यावर काकू म्हणाल्या, ‘राक्षसाला सांगा, बाजूला हो.’ हे सगळं एकवेळ चालून गेलं असतं. पण दुसऱ्या रात्री मोठी मूर्ती भिंतीभर पडली आणि खाली खुर्च्यांवर बसलेल्या आजींपैकी एक म्हणाली, ‘अगंबाई, सोंड मोडलीय.’

खरंच मोडली होती. सोंड वरून झोकात खाली येत होती आणि मध्येच खटकन कोपरात वाकल्यासारखी वळत होती. भग्न मूर्ती. सेक्रेटरींचा चेहरा उतरला. विकतचं सॉफ्टवेअर असतं तर मी कंपनीला एक संतप्त पत्र लिहून झोपलो असतो. हे मुक्त होतं. त्यामुळे झोपायची सोय नव्हती. आतलं सगळं उघडं पडलं होतं, बघ म्हणून.

रात्री दोनपर्यंत बघितलं. कर्त्यानं कधीतरी घाईत चौकोनाचे दोन त्रिकोण केले होते. कर्णावर कापून, आपण सँडविच कापतो तसे. संगणकाला त्रिकोण रंगवायला सोपे. पण तिरक्या चौकोनाचे त्रिकोण वेगवेगळे ताणले की ते एकमेकांचं ऐकत नाहीत, आणि कर्ण ओलांडणारी प्रत्येक रेघ तिथं मोडते. एकरंगी पार्श्वभूमीवर हे कुणाला दिसलंही नसतं. नेमकी सोंड कर्णावर आली. दुरुस्ती निघाली अकरा ओळींची. मी ती कर्त्याला पाठवून दिली आणि कृतकृत्य होऊन झोपलो.

सकाळी उत्तर हजर. अत्यंत आभारी आहे, फार सुंदर, फक्त चार लहान शंका. ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागा त्यांच्या पद्धतीनं सोडावी. एका चलाचं नाव मी ‘सोंड’ ठेवलं होतं, त्याचा अर्थ काय? हे जुन्या लॅपटॉपवर चालतं का? आणि पुन्हा कधी मोडू नये म्हणून सोबत एखादी चाचणी लिहून देता येईल का? अकरा ओळींसाठी आमची चौदा पत्रं झाली. वीस वर्षांच्या नोकरीत माझं काहीही इतकं लक्षपूर्वक कुणी वाचलं नव्हतं, लग्नाआधीची पत्रं धरून. चतुर्थीच्या दोन दिवस आधी सोंड सरळ झाली. म्हणजे, होती तशी वाकडी झाली.

पहिल्या रात्री पाऊस. प्रोजेक्टरवर ताडपत्री, ताडपत्रीवर छत्री, छत्री धरायला चेअरमनचा भाचा. आरती झाली, दिवे घालवले, बी विंग अंधारात गेली आणि हळूहळू त्या गुलाबी भिंतीवर, अकरा एसी आणि एका तुळशीसकट, बाप्पा उभे राहिले. खाली अशी शांतता पसरली, की आमच्या सोसायटीत ती फक्त थकबाकीदारांची यादी वाचताना पसरते. आणि त्याच क्षणी बाप्पाच्या पायाशी, वीतभर नव्हे, चांगला पुरुषभर उंचीचा, पांढरा टोकदार बाण उमटला. माउसचा. प्रेक्षकांच्या चित्रात तो दिसता कामा नये. या सॉफ्टवेअरमध्ये तो कधी कधी दिसायचा.

मी घाबरून माउस हलवला. बाण तुरुतुरु पळाला. मी आणखी घाबरलो. तो मोदकांच्या ताटाभोवती फिरून सोंडेमागं लपला.

‘उंदीर! उंदीर!’ सगळी पोरं ओरडली. आज्यांनी हात जोडले. चेअरमननी माइक ओढून घेतला आणि हे सगळं आधीच ठरलेलं असल्याच्या थाटात जाहीर केलं, ‘भक्तहो, बाप्पांचे वाहन, मूषकराज!’

तिसऱ्या दिवसापासून शेजारच्या सोसायट्यांतली माणसं चालता उंदीर बघायला येऊ लागली. माउस हातात घ्यायला पोरांची रांग लागली, जिन्यावरून खाली थेट वॉचमनच्या केबिनपर्यंत. गजासुराचा वध मी महिनाभर रात्री जागून बसवला होता. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

विसर्जनानंतर हिशेबाची सभा झाली. मी कर्त्याला काहीतरी द्यायला हवं असं म्हणालो. खजिनदारांनी बरीच खळखळ केली, पण उंदराच्या यशामुळे ५०१ रुपये मंजूर झाले. कर्त्याचं उत्तर आलं. पाच युरो आणि काही चिल्लर पोचली, मन भरून आलं. पण एक शंका आहे. ५०० का नाही? तो वरचा एक कसला? या माणसानं चौदा पत्रांत मला कोपऱ्यांचं गणित शिकवलं होतं, आणि मला त्याला एक रुपयाचं समजावता येईना. शेवटी लिहिलं, की ५०० ला हिशेब संपतो, आणि ५०१ ला पुढच्या वर्षी यायला वाट राहते.

खजिनदारांना पावती हवी होती, शिक्क्याची. त्यानं शाळेचा शिक्का मारून पाठवली. आभाराच्या यादीत कुणाचं नाव घालू, असंही विचारलं. समितीनं अध्यक्ष, कार्याध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, खजिनदार, सहखजिनदार, सल्लागार आणि छत्री धरणारा भाचा अशी तेवीस नावं हुद्द्यांसकट दिली. त्या सॉफ्टवेअरच्या मूळ लेखकांची यादी सहाजणांची आहे.

यंदा मेमध्ये ०.७.१ आवृत्ती आली. सोबतच्या टिपणात लिहिलं होतं: प्रेक्षकांच्या चित्रात माउसचा बाण दिसण्याचा दोष अखेर दूर केला. खाली आमच्या सोसायटीचे विशेष आभार.

मी ही आनंदाची बातमी समितीत वाचून दाखवली. बराच वेळ कुणी बोललं नाही.

‘म्हणजे उंदीर गेला?’ चेअरमन म्हणाले.

‘आपल्याच पैशानं?’ खजिनदार म्हणाले.

काल रात्री साडेबाराला मी कर्त्याला पत्र पाठवलं आहे, की गेल्या वर्षीचा तो दोष हवा तेव्हा चालू करता येईल अशी सोय सवडीनं करावी. समितीनं त्यासाठी २५१ रुपये मंजूर केले आहेत, आणि खजिनदारांनी या वेळी आकडा पत्राच्या वरच्या ओळीतच घालायला लावला.